टायरवरचा आकडा वाचू नका, टायर मोजा

अमेरिकेतल्या हौशी रोड रेसिंगमध्ये दर काही हंगामांनी टायरच्या नियमावरून वाद पेटतो आणि प्रत्येक वेळी तो त्याच जागी येऊन अडकतो. एक बाजू म्हणते, टायरचा खर्च हाताबाहेर गेलाय. ट्रेडवेअरची, म्हणजे टायर किती टिकेल हे सांगणाऱ्या त्याच्या कडेवरच्या आकड्याची, किमान मर्यादा २०० वरून ३०० करा, नाहीतर सरळ एकाच कंपनीचा एकच टायर सगळ्यांना सक्तीचा करा. दुसरी बाजू म्हणते, ज्याला परवडतं त्याने घ्यावं, नियम जितके कमी तितकी शर्यत चांगली. दोन्हीकडचे लोक शर्यतीवर मनापासून प्रेम करणारे आहेत, शनिवार-रविवार गाडी ट्रेलरवर चढवून शेकडो मैल जाणारे आहेत. पण भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललंय. टायर कोणता, यावर सगळे तावातावाने बोलतात. खर्च मात्र टायर किती लागतात यावर ठरतो. हौशी शर्यत सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात ठेवायची असेल, तर नियमाने टायरच्या रबराचा पाठलाग सोडावा आणि एका स्पर्धकाला एका हंगामात किती टायर वापरता येतील, ते बांधून द्यावं. माझी भूमिका ही आहे.

आधी हा ट्रेडवेअरचा आकडा काय आहे ते पाहू, कारण सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. अमेरिकेच्या १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्याने, ग्राहकाला टायरची प्रत कळावी म्हणून एकसारखी श्रेणीपद्धत आणायला सांगितलं. टायर कंपन्यांशी बरीच कोर्टबाजी होऊन ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आली. तेव्हापासून टायरच्या कडेवर तीन गोष्टी छापलेल्या असतात: ट्रेडवेअरचा आकडा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी आणि उष्णता सोसण्याची श्रेणी. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच टायरांवरही त्या दिसतात. ट्रेडवेअरची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपास, सुमारे ४०० मैलांच्या सार्वजनिक रस्त्यांच्या फेरीवर होते. गाड्यांचा ताफा ७,२०० मैल चालतो. नक्षी किती झिजली ते मोजतात, त्यावरून टायर पूर्ण झिजायला किती मैल लागतील याचा हिशेब मांडतात आणि तो एका प्रमाण टायरशी ताडून पाहतात. प्रमाण टायर १०० धरला, तर २०० आकड्याचा टायर त्याच रस्त्यावर दुप्पट टिकायला हवा. कुटुंबाच्या गाडीला टायर घेणाऱ्या माणसाला एवढी माहिती उपयोगी पडते, आणि ती त्याच्याचसाठी होती.

शर्यतीच्या नियमपुस्तकात हा आकडा कुंपण म्हणून शिरला तेव्हा मात्र त्याच्याकडून भलतंच काम मागितलं गेलं. एक तर हा आकडा टायरवर सरकार छापत नाही, कंपनी स्वतः छापते. चाचणीत जास्त आला तरी कमी छापायची तिला मुभा असते. म्हणजे ज्याला कुंपणाच्या आत यायचंय, त्यानेच आपल्या उंचीचा दाखला स्वतः लिहायचा. दुसरं म्हणजे, सॅन अँजेलोच्या रस्त्यावर टायर महामार्गाच्या साध्या वेगाने, फारसा न तापता, हळूहळू झिजतो. ट्रॅकवर तोच टायर वळणामागून वळण बाजूला ओढला जातो, पृष्ठभाग तापून मऊ पडतो आणि रबर सोलवटून निघतं. झिजण्याच्या या दोन तऱ्हाच वेगळ्या आहेत. त्यामुळे एखादी कंपनी तसूभरही खोटं न बोलता असा टायर बनवू शकते, जो टेक्सासच्या रस्त्यावर २०० चा आकडा कमावतो आणि ट्रॅकवर दोन-तीन दिवसांत संपतो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, जी या वादात जवळजवळ कुणी बोलत नाही. पुढच्या रांगेतले स्पर्धक टायर टाकतात ते झिजला म्हणून टाकत नाहीत. शर्यतीचं रबर एकदा पूर्ण तापून थंड झालं की थोडं कडक होतं, पुन्हा तापलं की आणखी. नक्षी किंवा खाचा शिल्लक असतात, पण पहिल्या तापण्यातली ती पकड परत येत नाही. टायर वेळेच्या हिशेबाने मेलेला असतो, मिलिमीटरच्या हिशेबाने जिवंत. मग झीज मोजणारा आकडा हा खर्च कसा आवरणार?

हे नव्याने घडतंय असंही नाही. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ही १९४४ सालची संस्था. हौशी शर्यतींचा तिथला सगळ्यांत मोठा आधार. तिने १९७० च्या दशकात शोरूम स्टॉक नावाचा वर्ग सुरू केला: दुकानातून घेतलेली गाडी, जवळपास जशीच्या तशी, आणि रस्त्यावर चालणारे टायर. कल्पना सुंदर होती. रस्त्याचा टायर कोणता हे ओळखायला सोपी खूण हवी, म्हणून पुढे टायर सरकारी वाहतूक खात्याच्या सुरक्षा मानकांत बसतो असं सांगणारा, कंपनीनेच मारलेला डीओटीचा शिक्का कसोटी ठरला. झालं काय? आधी लोक नव्या टायरची नक्षी यंत्राने तासून पातळ करून घेऊ लागले, कारण उंच नक्षीचे ठोकळे वळणात हलतात आणि तापतात. मग १९८० च्या दशकात कंपन्यांनी सरळ शर्यतीचेच टायर बनवले, त्यावर चार खाचा पाडल्या आणि शिक्का मारला. 'आर कंपाउंड' ही जमात अशी जन्माला आली. नियमाने मागितलेला शिक्का त्यांच्यावर होता. नियमाला हवा असलेला टायर मात्र तो नव्हता.

पुढचा अंक ऑटोक्रॉसमध्ये झाला. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून एकेका गाडीने वेळेविरुद्ध धावायचा हा प्रकार. एससीसीएच्या त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेला नेब्रास्कातल्या लिंकनच्या विमानतळाच्या धावपट्टीशेजारी हजाराहून जास्त स्पर्धक जमतात. २०१४ मध्ये एससीसीएने तिथला जुना स्टॉक गट बदलून स्ट्रीट गट केला, आर कंपाउंड बाहेर काढले आणि किमान ट्रेडवेअर १४० ठेवला. नंतर तो २०० वर नेला. सोबत चांगल्या अटीही घातल्या: नक्षीची किमान खोली, वेगवेगळ्या मापांत उपलब्धता, कुणालाही दुकानातून घेता येईल असा माल. कंपन्यांनी काय केलं? ब्रिजस्टोनचा आरई-७१आर आला, योकोहामाचा ए०५२ आला, आणखी कितीतरी आले. कडेवर २०० लिहिलेलं, पण पकड अशी की जुन्या आर कंपाउंडच्या जवळ पोचावी. हे टायर इतके तापतात की लिंकनच्या मैदानावर दोन धावांच्या मध्ये लोक बागेत औषध फवारायचा पंप घेऊन टायरवर पाणी मारताना दिसतात. रस्त्याच्या टायरला हे करावं लागतं का? १९८० च्या दशकात शिक्क्याचं झालं, तेच तीस-पस्तीस वर्षांनी आकड्याचं झालं.

म्हणून 'मग आता ३०० करा' या मागणीला माझा विरोध आहे. ३०० केल्यावर एक-दोन हंगाम बरे जातील. दुकानात पडून असलेले साधे टायर चालतील, मागच्या रांगेतला माणूस पुढच्याच्या जवळ येईल, सगळे म्हणतील नियम जमला. मग एखादी कंपनी ३०० चा आकडा छापलेला नवा टायर आणेल. त्या दिवशी आपण काय करायचं, ४०० करायचं? दर बदलात ज्याच्या गॅरेजमध्ये आधीच्या नियमाचे दोन संच पडलेले असतात, त्याचं नुकसान होतं. आणि असे नुकसान झालेले लोक बहुधा कमी पैशांत खेळणारेच असतात. पैसेवाल्याला टायर बदलायला नियमबदलाची वाट बघावी लागत नाही.

खेळाचा नियम टिकतो तो अंमल करणाऱ्याला स्वतःच्या हाताने मोजता येतो तेव्हा. क्रिकेटने हे बॅटच्या बाबतीत केलं. १९७९ मध्ये पर्थला डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, कारण बॅट कशाची असावी हे नियमात स्पष्ट नव्हतं. त्यानंतर पातं लाकडाचंच असेल असं लिहिलं गेलं. पुढे बॅटी जाडजूड होत गेल्या, तेव्हा २०१७ मध्ये एमसीसीने कडेची जाडी ४० मिलिमीटर आणि एकूण खोली ६७ मिलिमीटरवर आणली, आणि पंचांच्या हातात एक मापपट्टी दिली. बॅट तिच्यातून गेली तर चालेल, नाही गेली तर नाही. बॅटीवर उत्पादकाने काय छापलंय हे पंच विचारतही नाही. आता टायर तपासणाऱ्या स्वयंसेवकाकडे बघा. नक्षीची खोली त्याला मोजता येते, टायरची रुंदी मोजता येते, गाडीला लावलेले टायर मोजता येतात. ट्रेडवेअर त्याला मोजता येत नाही, फक्त वाचता येतो. रबराचा कडकपणा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्याचा आकडा हवेच्या तापमानाप्रमाणे हलतो, आणि कार्टिंगमध्ये व मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर रबर मऊ करणारी रसायनं लावायचे प्रकार इतके झालेत की नमुने प्रयोगशाळेत पाठवावे लागतात. हौशी शर्यतीत ते कोण करणार?

आता ट्रेडवेअरच्या बाजूने जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते थोडं नाही. ट्रेडवेअरच्या नियमाने चांगलं काम केलंय. त्यामुळे लोक ज्या टायरवर घरून निघतात त्याच टायरवर धावून परत येऊ शकले. टायरचा वेगळा संच, तो न्यायला वेगळी गाडी, हा सगळा पसारा निम्म्या लोकांच्या डोक्यावरून उतरला. '२४ अवर्स ऑफ लेमन्स' या स्वस्त गाड्यांच्या दीर्घ शर्यतींनी किमान १९० चा नियम ठेवला आणि तिथे तो बऱ्यापैकी निभावला. कारण तास-दोन तास सलग चालवायचं तर टिकाऊ टायरच फायद्याचा, आणि बक्षिसाच्या लोभाने तिथे कुणी येत नाही. शिवाय या चढाओढीतून रस्त्यावरचे टायर खरोखर सुधारले. आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा चांगला टायर ओल्या रस्त्यावर ज्या विश्वासाने थांबतो, त्यात शर्यतीतून शिकलेल्या रसायनशास्त्राचा वाटा आहे. हे मी नाकारत नाही. माझा मुद्दा एवढाच की हे सगळं टायरांच्या संख्येवर मर्यादा घातली तरी चालूच राहील, उलट जास्त चालेल. कंपनीला जर माहीत असेल की गिऱ्हाईकाला हंगामभर मोजकेच टायर वापरता येणार आहेत, तर ती पहिल्या तीन फेऱ्यांत चमकणारा टायर बनवेल की दहाव्यांदा तापल्यावरही धरून ठेवणारा?

एकच टायर सक्तीचा करा, ही मागणी याहून वजनदार आहे. तिच्या बाजूने इतिहास आहे. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये ब्रँड्स हॅचला फॉर्म्युला फोर्ड सुरू झालं, तेव्हा त्याचा आत्माच हा होता: साधं फोर्डचं इंजिन, पंख नाहीत, नक्षीचे टायर, हजार पौंडांच्या आसपास गाडी. त्या कमी पकडीच्या टायरांनी चालकाचं कौशल्य उघडं पाडलं आणि जगाला पुढच्या पिढ्यांचे चालक दिले. अमेरिकेत तोच वर्ग स्लिक, म्हणजे नक्षी नसलेल्या गुळगुळीत, टायरांवर गेला. गाड्या जलद झाल्या, खर्चही वाढला. भारतातही बघा. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे असो की चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक, आपल्याकडच्या राष्ट्रीय शर्यती एमआरएफ आणि जेके टायर या दोन कंपन्यांच्या आधाराने उभ्या राहिल्या. पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन तिकडे जाणाऱ्या मुलाला टायर कोणता हा प्रश्नच पडत नाही. शर्यत ज्या कंपनीची, टायर तिचा. त्या कंपन्या नसत्या तर त्या पोरांना धावायला शर्यतच नसती. हा आधार मोलाचा आहे आणि त्याला नावं ठेवणारा मी नाही.

पण एकच टायर केल्याने खर्च कमी होतो, हे मात्र मला मान्य नाही. स्पेक मिआटा हा वर्ग बघा. माझदाची मिआटा ही छोटी दोन आसनी गाडी, सगळ्यांची जवळपास सारखी. अमेरिकेतला सगळ्यांत लोकप्रिय हौशी वर्ग म्हणावा असा. अनेक वर्षं एससीसीएमध्ये हा वर्ग हूजिअर टायरवर धावला आणि नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनमध्ये टोयोवर. ज्याला दोन्हीकडे धावायचं, त्याला दोन प्रकारचे टायर बाळगावे लागले. तेही बाजूला ठेवा. एकाच संस्थेत, एकाच टायरवर, दोन स्पर्धकांचा खर्च सारखा असतो का? पुढच्या रांगेत उभं राहायचं असेल तर पात्रता फेरीला नवाकोरा संच लागतो, ज्याला पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, 'स्टिकर' म्हणतात, कारण त्यावरचा कागदही अजून निघालेला नसतो. चार टायरांचा एक संच हजार डॉलरच्या आसपास जातो. एकजण प्रत्येक शनिवारी नवा संच चढवतो, दुसरा तोच संच चौथ्या शर्यतीला वापरतो. दोघांच्या टायरवर नाव एकच, कडेवरचा आकडा एकच, आणि वेगात असा फरक की गाड्या एकमेकींच्या नाकाला नाक लावून धावतात त्या वर्गात तो दहा जागांचा होतो. समानता कुठे आली? एका कंपनीच्या नावाने विषमता झाकली गेली, एवढंच. वर एका कंपनीवर सगळा भार टाकल्यावर पुरवठा आटला तर काय होतं, ते २०२१ आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या रेसिंग टायरच्या तुटवड्याने दाखवलंय.

मग संख्या कशी बांधायची? हे काही कल्पनेतलं नाही. कार्टिंगच्या स्पर्धांत टायरवर खूण करून किंवा बारकोड नोंदवून ते मोजायची पद्धत कधीची आहे. फॉर्म्युला वनमध्ये साध्या शर्यतीच्या आठवड्याला प्रत्येक चालकाला कोरड्या ट्रॅकचे १३ संच ठरवून मिळतात. जगातले सगळ्यांत श्रीमंत संघही मोजून टायर वापरतात, आणि त्यामुळे शर्यत कमी झाली असं कुणी म्हणत नाही. हौशी शर्यतीत मी असं सुचवेन: टायर कोणत्याही कंपनीचा घ्या, त्या वर्गात आज जे चालतात त्यातला. पण पात्रता फेरी आणि शर्यत यांसाठी गाडीला लागणारे टायर हंगामाच्या सुरुवातीला नोंदवा. समजा, सहा-सात स्पर्धांच्या प्रादेशिक हंगामाला बारा. पावसाचे टायर या मोजणीत नाहीत. नोंदवलेल्या टायरवर खोडता न येणारी खूण, स्पर्धकाच्या वहीत क्रमांक. सरावाला काय वाटेल ते लावा. तेराव्या टायरला बंदी नाही, पण तो लावला त्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुरुवात करायची.

यावरचा सगळ्यांत कठीण आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो करणारे घाबरट नाहीत, त्यांच्याकडे दाखला आहे. २००५ मध्ये फॉर्म्युला वनने पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत एकाच संचावर काढायचा नियम केला. २९ मे रोजी न्यूर्बुर्गरिंगवर किमी रायकोनेन पुढे होता. ब्रेक अडकून त्याच्या पुढच्या टायरचा एक भाग सपाट घासला गेला, गाडी थरथरत राहिली, तरी संघाने त्याला थांबवलं नाही, आणि शेवटच्या फेरीत पहिल्या वळणावर सस्पेन्शन तुटलं. तीन आठवड्यांनी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर तिथल्या एका बाजूला उंच असलेल्या वेगवान वळणाचा भार सोसेनात. १४ गाड्या शर्यतीआधीच्या सज्जता फेरीनंतर माघार घेऊन आत गेल्या आणि शर्यत सहा गाड्यांची झाली. पुढच्या वर्षी टायर बदलायची परवानगी परत आली. हौशी माणूस पैसे वाचवायला रबर झिजून आतल्या तारा दिसू लागलेल्या टायरवर धावेल, अशी भीती कुणाला वाटली तर त्यात चुकीचं काय?

काहीच नाही. म्हणून हा दाखला नीट वाचायला हवा. इंडियानापोलिसला मोडलं ते टायरचं अंग, झीज नव्हे. भार त्याच्या बांधणीला पेलवला नाही. न्यूर्बुर्गरिंगचं प्रकरण मात्र खरोखर संख्येच्या नियमाचं आहे. तिथे काय झालं? धोकादायक टायर बदलायची सोय नियमात होती, पण बदलण्याची किंमत विजयाइतकी मोठी होती, आणि निर्णय चालत्या शर्यतीत घ्यायचा होता. हंगामभराच्या मोजणीत ती किंमत एवढी नसते. वीस-तीस मिनिटांच्या क्लबच्या शर्यतीत मध्ये टायर बदलायला कुणी थांबत नाहीच. निर्णय दोन शर्यतींच्या मध्ये, थंड डोक्याने, तपासनिसासमोर होतो. ज्याला टायर बदलायचाय तो मागून सुरुवात करतो, घरी जात नाही. आणि सुरक्षेची तपासणी मोजणीपासून वेगळी ठेवायची: नक्षीचा किंवा झिजेच्या खाचेचा किमान आकडा, कडेला फुगवटा नको, तारा दिसल्या की टायर बाद. अपघाताने किंवा काचेच्या तुकड्याने फाटलेला टायर तपासनिसाने पाहिला तर तेवढा मोजणीतून वगळायचा. शिवाय आज काय चाललंय ते विसरू नका. मर्यादा नसतानाही मागच्या रांगेतला माणूस कमी पैशांमुळे जुनाट टायरवर धावतोच, आणि त्याच्यापुढचा नव्या संचावर. दोघांच्या ब्रेक मारायच्या जागेत पडलेलं अंतर हाही धोकाच आहे. मोजणी झाली तर सगळे साधारण सारख्या वयाच्या टायरवर असतील.

दुसरा आक्षेप स्वयंसेवकांचा. खुणा कोण करणार, वह्या कोण तपासणार, सकाळी सहाला उठून ध्वज धरणारे लोक आधीच कमी आहेत. हे मला मनापासून पटतं. या खेळाचा कणा तीच माणसं आहेत आणि त्यांच्यावर ओझं टाकताना दहादा विचार करायला हवा. पण आजही शर्यतीनंतर पहिल्या काही गाड्या तपासायला घेतातच: वजन, इंजिन, जमिनीपासूनची उंची. त्यात चार टायरवरच्या खुणा बघणं हे मिनिटभराचं काम आहे. सगळ्यांची वही रोज उघडायची गरज नाही. पहिल्या तिघांची आणि चिठ्ठी टाकून निघालेल्या एका गाडीची बघितली तरी पुरे. फसवणूक पूर्ण थांबेल असं मी म्हणत नाही. ती वजनाच्या नियमातही होते.

तिसरा आक्षेप असा की पैसेवाला सरावाच्या दिवशी हवे तेवढे टायर जाळेल आणि शिकून येईल. जाळेल. त्याला स्वतःचा ट्रॅकचा दिवस भाड्याने घेण्यापासून, डेटा पाहणारा माणूस ठेवण्यापासूनही कुणी अडवत नाही. पैसा शर्यतीतून काढता येत नाही. पण पैशाचं वेगात रूपांतर करायचा सगळ्यांत सोपा, सगळ्यांत आळशी रस्ता बंद करता येतो, आणि नवे टायर हा तो रस्ता आहे. सराव करून जलद झालेला माणूस निदान जलद तरी झालेला असतो. नव्या संचावर जलद झालेला माणूस सोमवारी होता तिथेच असतो.

उरतो प्रश्न कंपन्यांचा. विजेत्यांना बक्षीस म्हणून टायर देणाऱ्या, शर्यतीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्या कंपन्या कमी टायर खपले तर हात आखडतील का? काही आखडतील. पण सध्याच्या बक्षिसांचा ओघ कुणाकडे जातो? जिंकणाऱ्याकडे, म्हणजे बहुधा ज्याने आधीच सर्वांत जास्त टायर विकत घेतले त्याच्याकडे. तो आधार पंधराव्या क्रमांकाच्या माणसाला टिकवत नाही, आणि शर्यतीचं प्रवेशशुल्क, ट्रॅकचं भाडं, रुग्णवाहिकेचा खर्च तो पंधरावा, विसावा, पंचविसावा माणूस भरतो. तो गेला की पहिल्या तिघांना धावायला वर्ग उरत नाही.

बदल कसा करायचा, यात ब्रिटनकडून शिकण्यासारखं आहे. तिथे मोटरस्पोर्ट यूकेच्या नियमपुस्तकात टायरच्या नावांच्या याद्या असतात, १ए, १बी अशा. वर्गाचा नियम फक्त यादीकडे बोट दाखवतो. टायर बसतो की नाही हे त्याच्या कडेवरच्या आकड्याने ठरत नाही, यादीत नाव आहे की नाही याने ठरतं. नाव आत घेणं किंवा बाहेर काढणं हा माणसांनी विचार करून घेतलेला निर्णय असतो, आणि तो चुकला तर दुरुस्त करता येतो. एससीसीए आणि बाकीच्या संस्थांनी ट्रेडवेअरचा आकडा हळूहळू अशा यादीत विरघळवावा आणि तिच्यावर संख्येची मर्यादा ठेवावी. एका वर्गात, एका विभागात आधी करून बघा. स्पेक मिआटा त्याला योग्य, कारण तिथे गाड्या सारख्या आहेत आणि फरक लगेच दिसेल. नियम हंगाम सुरू व्हायच्या किमान बारा महिने आधी जाहीर करा, आणि पहिल्या वर्षी ज्यांच्या गॅरेजमध्ये आधीच घेतलेले संच आहेत त्यांना ते नोंदवायची मुभा द्या, बाराऐवजी सोळा टायरांपर्यंत. दुसऱ्या वर्षापासून सगळ्यांना बारा.